वर्गाबाहेरची जबाबदारी: साहसी उपक्रमांसाठी शिक्षक कसे घडत गेले

२६ ऑगस्ट १९०९ रोजी जर्मनीतले एक शिक्षक, रिचर्ड शिर्मान, आपल्या वर्गातल्या मुलांना घेऊन पायी सहलीवर होते. आल्टेनाहून आखनपर्यंतचा आठ दिवसांचा प्रवास. वाटेत ब्रोल नदीच्या खोऱ्यात त्यांना जोरदार वादळानं गाठलं. जवळच्या गावातली शाळा सुट्टीमुळे रिकामी होती. तिथल्या एका वर्गात, शेतकऱ्यानं दिलेल्या पेंढ्यावर मुलं झोपली. शिर्मान मात्र जागे होते, आणि सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा भटक्या मुलांच्या मुक्कामासाठी का उघडू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातूनच यूथ हॉस्टेलची चळवळ उभी राहिली आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी हॉस्टेल सुरू झालं.

हॉस्टेलच्या इतिहासात ही रात्र नेहमी सांगितली जाते. शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या इतिहासातही तिला जागा द्यायला हवी, असं मला वाटतं. त्या वेळी आभाळ भरून आल्यावर काय करायचं, किती मुलांमागे किती मोठी माणसं हवीत, कुणाला ताप आला तर मागे कसं फिरायचं, यातलं काहीही शिक्षकाला कुणी शिकवत नव्हतं. शिर्मान जे करत होते ते स्वतःच्या आवडीवर आणि अंदाजावर. त्यांच्या सुमारे ऐंशी वर्षं आधी जिनिव्हाचे शाळामास्तर रोदोल्फ टोप्फर आपल्या वसतिशाळेतल्या मुलांना आल्प्समध्ये कित्येक दिवसांच्या पायी प्रवासाला नेत, तेही असंच. मुलांना बाहेर नेणारा शिक्षक हा मुळात भटकंतीचा वेडा असलेला शिक्षक होता. दुसऱ्या कुणी ते काम करावं अशी अपेक्षा नव्हती, त्यामुळे ते कुणाला शिकवण्याचा प्रश्नही नव्हता.

हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो स्काउटिंगमुळे. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचं शिबिर घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत मुलांनी आपणहून पथकं काढायला सुरुवात केली. पथकं भराभर वाढली, पण पथकप्रमुख कुठून आणायचे? १९१९ मध्ये लंडनजवळचं गिलवेल पार्क मिळालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे स्काउटमास्तरांचा पहिला वर्ग भरला. या वर्गाची पद्धत विलक्षण होती. प्रौढ माणसांना मुलांसारखं छोट्या संघांत वाटून दिलं. त्यांनी स्वतः तंबू ठोकायचे, स्वतः चूल पेटवायची, आपल्यातल्याच एका संघनायकाचं ऐकायचं. मुलांना ज्यातून जायचं आहे त्यातून आधी त्यांना नेणाऱ्यानं जायचं, हे तत्त्व तिथे पक्कं झालं आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात ते टिकून आहे.

दुसरा मोठा धागा कुर्ट हान यांचा. जर्मनीत सालेम इथे शाळा चालवणाऱ्या हान यांनी हिटलरला उघड विरोध केला, १९३३ मध्ये त्यांना अटक झाली आणि सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये आले. १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. पुढे महायुद्ध सुरू असताना, १९४१ मध्ये, जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीनं वेल्सच्या किनाऱ्यावर अ‍ॅबरडोव्ही इथे आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा सुरू झाली. सुमारे महिनाभराच्या अभ्यासक्रमात तरुणांना समुद्र आणि डोंगर यांच्याशी झुंज द्यायला लावायची. साहस हा शिक्षणाचाच भाग आहे, ही हान यांची धारणा पुढे जगभर पसरली. मात्र त्यांच्या शाळांत मुलांना नेणारे लोक बहुतेक खलाशी, गिर्यारोहक किंवा सैन्यातले होते. धोका कसा हाताळायचा हे त्यांना ठाऊक होतं, पण मुलांना शिकवणं हा त्यांचा पेशा नव्हता. दोन्ही गुण एकाच माणसात कसे आणायचे, हा पेच तिथपासून सुरू होतो आणि अजूनही पुरता सुटलेला नाही.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये हे काम सरकारी शाळांपर्यंत पोहोचलं. १९४४ च्या शिक्षण कायद्यानं स्थानिक शिक्षण मंडळांना शिबिरं आणि करमणुकीच्या सोयी चालवण्याचे अधिकार दिले. डर्बिशायरचे शिक्षण संचालक जॅक लाँगलँड हे १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले गिर्यारोहक. त्यांच्या पुढाकारानं १९५० मध्ये बक्स्टनजवळ व्हाइट हॉल हे मंडळाचं केंद्र सुरू झालं आणि सामान्य घरांतली मुलं शाळेतर्फे कडे चढायला येऊ लागली. स्कॉटलंडमधलं ग्लेनमोर लॉज १९४८ चं, वेल्समधलं प्लास य ब्रेनिन १९५५ चं. १९५६ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरो पुरस्कार योजना आली. तिचे पहिले संचालक १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट. या योजनेत पायी मोहीम हा एक भाग होता. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी होकायंत्र हातात धरलं नव्हतं, असे कितीतरी शिक्षक शनिवार-रविवारी मुलांना घेऊन डोंगरात दिसू लागले.

अपघात वाढतील ही भीती होतीच. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये माउंटन लीडरशिप सर्टिफिकेट सुरू झालं ते या पार्श्वभूमीवर. त्याची रचना थोडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण नंतर अनेक देशांनी हाच साचा उचलला. आधी प्रशिक्षण, मग बराच काळ स्वतःचा अनुभव, आणि त्यानंतर वेगळी परीक्षा. मधल्या काळातला प्रत्येक दिवस नोंदवहीत लिहायचा. आज त्याच प्रमाणपत्राच्या उन्हाळी परीक्षेला बसण्यासाठी नोंदवहीत किमान चाळीस ‘दर्जेदार डोंगरी दिवस’ लागतात. दर्जेदार कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे. नकाशा दुसऱ्याच्या हातात आणि आपण नुसते मागून चाललो, असा दिवस सहसा धरला जात नाही. मार्ग आपण ठरवलेला हवा, निर्णयात आपला वाटा हवा, मुलूखही शक्यतो नवा हवा. परीक्षेत अंधारात नकाशा-होकायंत्रावर वाट काढून दाखवावी लागते. आठवडाभराच्या वर्गानं हे येत नाही, आणि येईल असा दावा ही पद्धत करतही नाही. तिचं खरं मोल इथेच आहे, असं मी मानतो.

पण प्रमाणपत्र आलं म्हणून माणसं लगेच तयार होत नाहीत. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबरोच्या एका शाळेची मुलं स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर गेली होती. दोन गट होते. सरावलेला गट पुढे गेला आणि हिमवादळात वरच्या एका आसऱ्याच्या खोपटापर्यंत पोहोचला. नवख्या मुलांच्या गटाची नेती शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकणारी, विशीतली तरुणी होती. तिच्या मदतीला अठरा वर्षांची एक शिकाऊ प्रशिक्षक होती. त्यांना ते खोपटं सापडलं नाही. बर्फात उघड्यावर त्यांनी दोन रात्री काढल्या. पाच विद्यार्थी आणि ती शिकाऊ प्रशिक्षक, असे सहा जण गेले. गटनेती मदत मिळवण्यासाठी रांगत बाहेर पडली होती, ती आणि एक मुलगा वाचले.

या घटनेनंतर झालेल्या चौकशीत आणि वादात अनेक गोष्टी पुढे आल्या. हिवाळ्यातला डोंगर उन्हाळ्यातल्या डोंगरापेक्षा वेगळाच असतो आणि त्यासाठी वेगळी पात्रता हवी. पालकांना मुलं नेमकी कुठे आणि कशासाठी चालली आहेत हे नीट कळायला हवं. पठारावरची ती खोपटी पुढे काढूनही टाकली, कारण ती सापडतीलच या भरवशावर लोक वर जात होते. आणि मला सर्वांत बोचते ती गोष्ट अशी की सर्वांत कच्ची मुलं सर्वांत कमी अनुभवाच्या नेत्यांबरोबर होती. ही चूक दोर-कुऱ्हाडीच्या कौशल्यातली नव्हती. गट कसे पाडायचे आणि कोणत्या गटाला कुठवर न्यायचं, या आधी खाली बसून घ्यायच्या निर्णयातली ती होती.

प्रमाणपत्रावरून वादही पेटला. आता प्रत्येक शिक्षकाकडे कागद हवा, असं शिक्षण खात्यांतल्या लोकांना वाटू लागलं. जुन्या गिर्यारोहकांना भीती होती ती याच्या उलटी, की कागद मिळाला की अनुभव गोळा करायचं थांबेल. हा वाद मिटवण्यासाठी लॉर्ड हंट यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि तिचा अहवाल १९७५ मध्ये आला. गिर्यारोहकांची शंका मला आजही रास्त वाटते, पण कागदाशिवाय शाळेनं माणूस पारखायचा कसा, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

अमेरिकेत गोष्ट थोड्या वेगळ्या वाटेनं गेली. तिथली पहिली आउटवर्ड बाउंड शाळा कोलोरॅडोत १९६२ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यात काम केलेले पॉल पेट्झोल्ट यांच्या लक्षात आलं की रानात गट नेऊ शकणारी माणसंच कमी आहेत. म्हणून १९६५ मध्ये त्यांनी वायोमिंगमध्ये नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल काढलं. त्यांचा भर कौशल्याइतकाच निर्णयशक्तीवर होता. १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका सरकारी शाळेत प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर सुरू झालं. मुलांना डोंगरात न्यायच्या ऐवजी साहसच शाळेच्या आवारात आणायचं: झाडांना बांधलेले दोर, भिंत ओलांडण्याची कोडी, एकमेकांवर विश्वास ठेवायला लावणारे खेळ. इथे शिकवणारा शाळेचाच शिक्षक होता. खेळानंतर मुलांना गोलात बसवून काय घडलं ते बोलतं कसं करायचं, हे इथल्या प्रशिक्षणात शिकवलं जाऊ लागलं, आणि शिक्षकी पेशाची खरी ताकद त्या गोलात दिसते.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधल्या लाइम उपसागरात काय झालं ते सविस्तर सांगायला हवं. प्लिमथच्या एका शाळेतली आठ मुलं आणि त्यांचे शिक्षक एका खासगी साहस केंद्रातर्फे कयाक घेऊन समुद्रात उतरले. बरोबर केंद्राचे दोन प्रशिक्षक होते, दोघांचीही पात्रता अगदी प्राथमिक. सुरुवातीलाच शिक्षकांची कयाक पुन्हा पुन्हा उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्या मदतीला थांबला, दुसऱ्यानं मुलांच्या कयाक एकत्र धरून ठेवल्या, आणि वारा त्या सगळ्यांना किनाऱ्यापासून आत ओढून घेऊन गेला. धोक्याचा इशारा द्यायला जवळ दारूचे बाण नव्हते. परतायची वेळ टळून गेल्यावरही तटरक्षकांना लवकर कळवलं गेलं नाही. चार मुलं गेली. त्या केंद्रातलं काम सोडलेल्या दोन प्रशिक्षकांनी सुरक्षिततेबद्दल लेखी इशारा आधीच दिला होता, हेही नंतर उघड झालं. १९९४ मध्ये कंपनी आणि तिचे संचालक मनुष्यवधासाठी दोषी ठरले. ब्रिटनमध्ये कंपनीला असा दोष लागण्याची ती पहिलीच वेळ.

त्यातून १९९५ चा कायदा झाला आणि १९९६ पासून साहस केंद्रांना परवाना सक्तीचा झाला. या कायद्यातली एक सूट फार कमी जणांना माहीत असते: स्वतःच्याच विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शाळेला परवाना लागत नाही. म्हणजे शिक्षक स्वतः मुलांना नेतो तिथे परवाना तपासणारं कुणी नाही. शाळेनं आणि स्थानिक मंडळानं ते पाहायचं. २००२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये शाळेच्या सहलीत ओढ्याच्या डोहात उड्या मारण्याचा कार्यक्रम ठेवला होता. पावसानं ओढा भरलेला, पाणी अतिशय थंड. दहा वर्षांचा एक मुलगा बुडाला. सहल नेणाऱ्या शिक्षकानं मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि २००३ मध्ये त्याला तुरुंगवास झाला. साधारण याच काळात प्रत्येक शाळेत सहलींची जबाबदारी घेणारा एक प्रशिक्षित समन्वयक असावा, ही पद्धत इंग्लंडमध्ये रुजली. सहल नेणाऱ्याच्या डोक्यावर दुसरं कुणीतरी शांतपणे प्रश्न विचारणारं असावं, आणि ठरलेलं जमलं नाही तर दुसरा बेत तयार असावा, हे प्रशिक्षणात आग्रहानं सांगितलं जाऊ लागलं.

भारतात शिखरांचं प्रशिक्षण आधी आलं, शाळेचं नंतर. एव्हरेस्ट सर झाल्यावर १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि क्षेत्रीय प्रशिक्षणाची सूत्रं तेनसिंग नोर्गे यांच्याकडे आली. १९६५ मध्ये उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था निघाली. बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि मग शिकवण्याची पद्धत शिकवणारा कोर्स, ही चढती पायरी तिथे आहे. ती गिर्यारोहक घडवण्यासाठी उत्तम आहे. सातवीच्या चाळीस मुलांना टेकडीवर नेणाऱ्या शिक्षकाला मात्र हिमनदी ओलांडण्यापेक्षा उन्हानं गळून गेलेलं मूल वेळेत ओळखणं जास्त कामाचं असतं.

एप्रिल २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये मांगाटेपोपो नदीच्या घळीत मुसळधार पावसानं पाणी चढलं आणि एका शाळेचे सहा विद्यार्थी व त्यांच्याबरोबरचे एक शिक्षक बुडाले. कार्यक्रम नावाजलेल्या केंद्राचा होता. २०११ मध्ये तिथे साहस उपक्रमांसाठी नवे नियम आले, केंद्रांची बाहेरून तपासणी सक्तीची झाली. लाइम आणि मांगाटेपोपो या दोन्ही ठिकाणी शिक्षक हजर होते, पण सूत्रं त्यांच्या हातात नव्हती. ज्याला मुलं ओळखतात, जो मुलांना ओळखतो, तोच तिथे शिकाऊ होता. म्हणून पुढच्या प्रशिक्षणाचं लक्ष हळूहळू सरकलं. प्रत्येक शिक्षकानं कडा चढायला शिकलंच पाहिजे असं आता कुणी म्हणत नाही. डोंगराळ मुलखासाठी वेगळं, माळरानासाठी वेगळं, सपाट पायवाटांसाठी त्याहून सोपं, अशी प्रमाणपत्रांची विभागणी झाली आहे, म्हणजे साध्या वाटेवर नेणाऱ्याला शिखराची परीक्षा द्यावी लागत नाही.

जे शिक्षक स्वतः नेतृत्व करणारच नाहीत, त्यांच्यासाठीही आता एक-दोन दिवसांचे वर्ग घेतले जातात. हवामानाचा अंदाज कसा वाचायचा, केंद्राला परवाना आणि प्रशिक्षकाची पात्रता कशी विचारायची, वाटेत मुलं कधी आणि कशी मोजायची, थंडीनं किंवा उन्हानं ग्रासलेल्या मुलाची पहिली लक्षणं कोणती, हे तिथे शिकवतात. आणि प्रशिक्षकाला बाजूला घेऊन ‘आज आम्ही पाण्यात उतरत नाही’ असं सांगण्याचा अधिकार शिक्षकाला असतो, हेही.