चौकटीमागचा प्रश्न

जेवणानंतरचं सेशन कुठल्याच ट्रेनरला नको असतं. चाकणजवळच्या एका कारखान्यात मला नेमकं तेच मिळालं होतं. मार्चमधला सुरक्षा सप्ताह, दुपारचा दीड, कँटीनच्या भिंतीवर प्रोजेक्टर, समोर चाळीस माणसं आणि सगळ्यांच्या पोटात नुकताच गेलेला वरण-भात. तरी पडद्यावर पाच उभे रकाने आणि पाच आडव्या ओळींचा तक्ता आला, चौकटींत 100 पासून 500 पर्यंतचे आकडे दिसले, तशी मागच्या रांगेतली मंडळी सरसावून बसली. ‘आग, तीनशे!’ कुणीतरी ओरडलं. त्या आकड्यावर क्लिक केलं, प्रश्न उघडला: इलेक्ट्रिक पॅनलमधून धूर येतोय, शेजारी पाण्याचा आणि सीओटूचा असे दोन सिलिंडर टांगलेत, आधी काय कराल? दोन गट एकदमच ‘सीओटू’ म्हणाले. तिसऱ्या गटातला एक वयस्क फिटर शांतपणे म्हणाला, ‘आधी मेन स्विच बंद.’ तीनशे त्याच्या गटाला.

हा तक्ता आता इतका सर्रास झालाय की तो कुणी कधी तरी शोधून काढला असेल असं वाटतच नाही. बँकेच्या ट्रेनिंग सेंटरपासून शाळेच्या वर्गापर्यंत ‘क्विझची पीपीटी’, म्हणजे पॉवरपॉइंटची फाइल, पेनड्राइव्हवरून आणि आता व्हॉट्सॲपवरून फिरत असते. ज्याच्या हाती येते तो जुने प्रश्न पुसून आपले भरतो. पण या चौकटींमागे एक घोटाळा आहे, आणि तो चक्क पेपरफुटीचा.

1950 च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषांची लाट आली होती. बक्षिसं हजारो डॉलरची, प्रेक्षक लाखोंनी. त्यातल्या ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा स्पर्धक आठवड्यामागून आठवडे जिंकत होता, आणि त्याला हरवलं चार्ल्स व्हॅन डोरेन या देखण्या, घरंदाज प्राध्यापकाने. देशभर कौतुक झालं. नंतर कळलं की दोघांनाही आधीच पढवलेलं होतं. स्टेम्पेलला तर येत असलेलं उत्तर चुकवायला सांगितलं होतं, म्हणजे हरणंसुद्धा ठरवून. 2 नोव्हेंबर 1959 ला व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सगळं कबूल केलं. पुढच्याच वर्षी प्रसारणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशी बनवाबनवी गुन्हा ठरली, आणि ज्ञानाच्या स्पर्धा टीव्हीवरून जवळपास हद्दपार झाल्या.

मर्व्ह ग्रिफिन हा गायक आणि टीव्हीवरचा सूत्रसंचालक तेव्हा नव्या खेळाच्या शोधात होता. त्याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी. डलूथहून न्यूयॉर्कला विमानाने जाताना बायकोशी, जुलानशी, याच विषयावर बोलणं चाललं होतं. ती म्हणाली, मग स्पर्धकांना उत्तरंच देऊन टाका ना! उत्तरं दिली म्हणून तर सगळे अडकले, असं तो म्हणाला. त्यावर तिने उलटा डाव टाकला: ‘5,280.’ त्याने ओळखलं, ‘एका मैलात किती फूट?’ उत्तर समोर मांडायचं आणि स्पर्धकाने त्याचा प्रश्न शोधायचा. उत्तरं आधीच जगजाहीर, म्हणजे फोडायला काही उरतच नाही. मला यातला बेरकीपणा फार आवडतो.

30 मार्च 1964 ला हा खेळ एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर ‘जेपर्डी’ या नावाने सुरू झाला. जेपर्डी म्हणजे जोखीम, कारण चुकलं की तेवढी रक्कम वजा. पण आपल्या कामाची गोष्ट आहे तो मागचा बोर्ड: सहा विषय, प्रत्येकाखाली पाच चौकटी, वरून खाली रक्कम आणि अवघडपणा दोन्ही वाढत जाणारे. पहिल्या काळात तो पुठ्ठ्याचा मामला होता. आकड्याचं कार्ड ओढून बाजूला केलं की मागे छापलेला मजकूर दिसायचा. सुरुवातीच्या रकमाही 10 ते 50 डॉलर, म्हणजे आधीच्या हजारोंच्या मानाने किरकोळ. 1975 मध्ये कार्यक्रम बंद पडला आणि 1984 मध्ये ॲलेक्स ट्रेबेकच्या सूत्रसंचालनाखाली परत आला, तेव्हा कार्डांच्या जागी टीव्हीचे पडदे बसले होते. तक्ता मात्र तोच.

तो तक्ता टिकला, कारण त्यात एक गोष्ट फार सोयीची आहे. पुढचा प्रश्न कुठला हे खेळणारा ठरवतो. नेहमीच्या प्रश्नमंजुषेत प्रश्न सूत्रसंचालकाच्या हातात असतात. इथे शंभरचा सोपा घ्यायचा की पाचशेवर उडी मारायची, यावरच गटात कुजबुज सुरू होते, आणि कँटीनमध्ये दीड वाजता मला नेमकी तीच कुजबुज हवी असते.

आता दुसरा धागा, पडद्याचा. ओव्हरहेड प्रोजेक्टर अमेरिकी लष्कराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात केली. आपल्याकडच्या ट्रेनिंग सेंटरांत त्याला ओएचपी म्हणत. ज्यांनी तो वापरलाय त्यांना आठवेल: पारदर्शक शीटवर साधा कागद ठेवायचा आणि एकेक ओळ उघडी करत तो खाली सरकवायचा. कागद सरकण्याआधी हॉलमध्ये दोन सेकंद जी उत्सुकता असायची, तीच पुढे चौकटीमागे जाऊन बसली. कोडॅकचा कॅरोसेल प्रोजेक्टर 1961 चा. त्याच्या गोल ट्रेमध्ये 80 स्लाइड मावायच्या, पण एकामागून एक. बावीसनंतर तेवीसच. तिथे ‘आग, तीनशे’ असं म्हणून मधल्याच स्लाइडवर झटकन उडी मारायची सोय नव्हती.

पॉवरपॉइंट या दोन्हींचं अपत्य आहे. फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं, एप्रिल 1987 मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी बाजारात आणलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 1 कोटी 40 लाख डॉलर मोजून अख्खी कंपनी विकत घेतली. विंडोजवर ते 1990 मध्ये आलं. पहिली आवृत्ती काळी-पांढरी होती आणि तिचं मुख्य काम ओएचपीच्या शीट छापायला मदत करणं हे होतं. म्हणजे स्लाइडची रांग तीच, फक्त कागद सरकवणारा हात बदलला.

रांग मोडली ती हायपरलिंकने. 97 च्या आवृत्तीत स्लाइडवरच्या कुठल्याही मजकुराला किंवा आकाराला दुसऱ्या स्लाइडचा रस्ता जोडता येऊ लागला, परत येण्यासाठी तयार बटणंही मिळाली. झालं! पुठ्ठ्याचा बोर्ड घरच्या कॉम्प्युटरवर उभा करणं आता कुणालाही जमण्यासारखं होतं. अमेरिकेतल्या शाळाशिक्षकांनी अशा फाइली ढिगाने बनवल्या, एकमेकांना वाटल्या, आणि तिथून त्या कंपन्यांच्या ट्रेनिंग विभागांत शिरल्या.

हिशोब सोपा आहे. पाच गुणिले पाच म्हणजे 25 प्रश्न. प्रत्येकाची एक प्रश्नाची आणि एक उत्तराची स्लाइड, वर एक तक्ता, अशा 51 स्लाइड. तक्त्यावरून प्रश्नाकडे, प्रश्नावरून उत्तराकडे, उत्तरावरून परत तक्त्याकडे असे 75 दुवे. पहिल्यांदा मी ते सगळे हाताने जोडले, रात्रीचे दोन वाजले, आणि दुसऱ्या दिवशी भर सेशनमध्ये क्लिक आकड्याच्या जरा बाहेर पडलं. पॉवरपॉइंटने रांगेतली पुढची स्लाइड उघडली, तिथून गोंधळून आणखी एक क्लिक, आणि पहिल्या चौकटीचं उत्तर चाळीस जणांसमोर. तेव्हा कळलं की स्लाइड माउसच्या क्लिकने पुढे सरकण्याचा पर्याय आधी बंद करावा लागतो. ‘किऑस्क’ नावाचा एक मोडही आहे, त्यात फक्त दुवेच चालतात, भलतीकडचं क्लिक वाया जातं. प्रदर्शनातल्या स्टॉलवर लोकांनी वाटेल तिथे हात लावू नये म्हणून केलेली ही सोय. ट्रेनरच्या थरथरत्या हातालाही तीच कामी येते.

दुसरी युक्ती रंगाची. एकदा वापरलेल्या दुव्याचा रंग बदलतो. हा बदललेला रंग चौकटीच्या रंगाशी जुळवून ठेवला की क्लिक केलेला आकडा दिसेनासा होतो, जणू कार्ड ओढून घेतलं. मात्र दुवा आकड्याच्या अक्षरांना जोडलेला हवा. अख्ख्या चौकोनाला जोडला तर काही बदलत नाही. ही गोष्ट मला ज्या कुणी सांगितली त्याचे मी अजून आभार मानतो.

गुण आपोआप मोजणाऱ्या, टायमर लावणाऱ्या फाइलीही निघाल्या. त्यांत मॅक्रो, म्हणजे छोटे प्रोग्रॅम दडलेले असत. दिसायला झकास, पण मॅक्रोंमधून व्हायरसही येत, म्हणून ऑफिसातले कॉम्प्युटर ते चालू देत नसत. 2022 पासून तर इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट स्वतःच अडवू लागलं. साधी, नुसत्या दुव्यांची फाइल मात्र कुठेही उघडते. गुण फळ्यावर खडूने लिहावे लागतात, त्याने काही बिघडत नाही. उलट फळ्याजवळ एका माणसाला उभं करता येतं, शक्यतो सगळ्यात जास्त पेंगणाऱ्याला.

आपल्याकडे हा साचा जरा वेगळ्या वाटेने रुजला. जेपर्डी इथे फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. आपल्या डोळ्यांसमोर होतं ते 3 जुलै 2000 ला सुरू झालेलं ‘कौन बनेगा करोडपती’, आणि पुढे सचिन खेडेकर, नागराज मंजुळे यांनी चालवलेले त्याचे मराठी अवतार. त्यामुळे आपल्या ऑफिसांतल्या पहिल्या क्विझ फाइली बहुतेक त्याच धर्तीवर बेतलेल्या असत: चार पर्याय, लाइफलाइन, ‘लॉक किया जाए’ची नक्कल करणारा एक हौशी माणूस. मजा येते, नाही असं नाही. पण तो मुळात एका माणसाचा खेळ आहे. एकजण हॉट सीटवर घाम पुसतो, बाकीचे बघे. चाळीस जणांची बॅच असेल तर चौकटींचा तक्ता बरा, असं माझं मत आहे. गंमत म्हणजे इथे येईपर्यंत ग्रिफिनची मूळ युक्तीच गळून पडली. उत्तर देऊन प्रश्न विचारण्याचा उलटा डाव आपल्या फाइलींत क्वचितच दिसतो. मी एकदा करून पाहिला, पहिल्या तीन चौकटींतच लोक वैतागले. वजाबाकीही मी काढून टाकली. चुकलं की गुण जाणार म्हटल्यावर हेल्पर मंडळी तोंडच उघडत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप ती तीच मंडळी असतात.

साचा तोच ठेवून आतला मजकूर बदलायचा, ही कल्पना पॉवरपॉइंटपेक्षा जुनी आहे. मूळचे चेन्नईचे आणि पुढे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात स्थायिक झालेले शिवशैलम त्यागराजन, ट्रेनर लोकांचे ‘त्यागी’, यांनी अशा खेळांना ‘फ्रेमगेम’ हे नाव रूढ केलं. चौकट कायम, चित्र बदलतं. सुरक्षेचे प्रश्न काढा, जीएसटीचे भरा, ग्रामपंचायत सदस्यांच्या बॅचसाठी ग्रामसभेचे भरा. खेळ कसा खेळायचा हे लोकांना पुन्हा शिकवावं लागत नाही.

यातून खरंच डोक्यात काही राहतं का, असा प्रश्न प्लांट हेड दरवर्षी विचारतात. त्याची तपासणीही जुनी आहे. सिडनी प्रेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात बटणं दाबून उत्तर देण्याचं यंत्र केलं होतं. त्याला एक जोड लावली की ठरावीक बरोबर उत्तरांनंतर त्यातून गोळी बाहेर पडायची, खायची गोड गोळी. आम्ही चॉकलेटं वाटतो त्याला शंभर वर्षांची परंपरा आहे म्हणायची. पण ठोस आकडे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात सापडतात. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. प्लांट हेडना मी हे आकडे सांगतो आणि ते मान डोलावतात. हा प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेला, रात्रपाळी करून आलेल्या वेल्डरवर नाही, हेही सांगतो.

2013 मध्ये नॉर्वेतून ‘कहूत’ हे मोबाइलवर खेळायचं क्विझ ॲप आलं. ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात आल्फ इंगे वांग यांनी 2006 पासून चालवलेल्या प्रयोगातून ते निघालं. प्रश्न पडद्यावर आणि लाल त्रिकोण, निळा शंकरपाळा, पिवळा गोल, हिरवा चौकोन प्रत्येकाच्या मोबाइलवर. 2015 मध्ये बेंगळुरूत ‘क्विझिझ’ सुरू झालं. गुण, वेळ, निकाल सगळं आपोआप. ऑफिसांत ही ॲप छान चालतात. कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, शॉप फ्लोअरवर रेंज नसते, म्हणून तिथे अजून जुनी पीपीटीच.

सेशन संपलं की मी फाइल बंद करून पुन्हा उघडतो. रंग मूळपदावर येतात, पंचवीसच्या पंचवीस आकडे परत दिसू लागतात. तीन वाजता दुसरी बॅच असते, आणि तिला प्रश्न बदलून देणं मी कधीच सोडलंय. मधल्या चहाच्या रांगेत पहिल्या बॅचने तिला सगळी उत्तरं सांगून टाकलेली असतात, मेन स्विचसकट.