३१ मे, कानाला पोचणारा हात आणि निवृत्तांचे आरोग्य

दरवर्षी ३१ मे आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळा, पंचायत समित्या आणि सरकारी कचेऱ्यांमध्ये निरोप समारंभांची रीघ लागते. शाल, श्रीफळ, सपत्नीक सत्कार हे सगळे झाल्यावर कोणीतरी वडीलधारा हमखास बजावतो की, आता नुसते घरी बसू नका, घरी बसलेला माणूस लवकर खचतो. याच्या नेमकी उलट समजूत व्हॉट्सॲपवर फिरत असते. ५५ व्या वर्षी निवृत्त झालेले ऐंशी ओलांडतात आणि ६५ पर्यंत राबणारे पुढच्या दीड-दोन वर्षांत दगावतात, असा एक तक्ता बोइंग कंपनीच्या नावावर खपवला जातो; तो खोटा असल्याचे त्या कंपनीने केव्हाच जाहीर केले आहे. या दोन्ही समजुतींच्या मुळाशी असलेला दोष मात्र एकच आहे, तो म्हणजे आजारपणामुळे निवृत्ती आली की निवृत्तीमुळे आजारपण आले, हे कोणी तपासलेले नसते.

गुडघे गेले, हृदयविकाराचा झटका येऊन गेला किंवा साखर आटोक्यात येईना, म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेणारे कमी नाहीत. त्यामुळे साठीतले नोकरदार आणि साठीतले निवृत्त यांची सरळ तुलना केली, तर नोकरदार धडधाकट दिसणारच, कारण आजारी माणसे त्या गटातून आधीच गळालेली असतात. इंग्लंडमध्ये मृत्यूंच्या आकडेवारीचे अभ्यासक विल्यम ओगल यांनी हा घोटाळा १८८५ मध्येच ओळखला होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेल तेल कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात ५५ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांचा मृत्युदर ६५ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांपेक्षा जास्त निघाला, पण त्यांच्यापैकी काही जण प्रकृती बिघडल्यामुळेच लवकर बाहेर पडले असावेत, हे संशोधकांनीच नमूद केले.

यातून सुटण्याची एक सुंदर युक्ती आहे आणि ती समजून घ्यायला ३१ मे फार उपयोगी पडतो. राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी, जन्ममहिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतात. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. खेड्यापाड्यांत जन्माची नोंद नसे. मूल कोयनेच्या भूकंपाच्या आधीचे की नंतरचे, एवढेच आई सांगू शके. मग गुरुजी जनरल रजिस्टरमध्ये सोयीची तारीख, म्हणजे १ जून, लिहून टाकत. १ जून १९६७ अशी नोंद झालेले शिक्षक ३१ मे २०२५ रोजी घरी बसले, ते ना आजारामुळे, ना स्वतःच्या मर्जीने, तर केवळ रजिस्टरमधल्या एका ओळीमुळे. रक्तवाहिन्या आणि सांधे हळूहळू झिजतात, त्यांना ३१ मे कळत नाही. म्हणून हजारो माणसांच्या आरोग्याचा आलेख वयानुसार काढला आणि नेमक्या सक्तीच्या निवृत्तीपाशी त्यात पायरी दिसली, तर ती पायरी निवृत्तीच्या पदरात टाकता येते.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण या युक्तीची एक अट आहे. जी गोष्ट निवृत्तीची तारीख ठरवते, तिचा आरोग्याशी दुसऱ्या कोणत्याही वाटेने संबंध असता कामा नये. आपले रजिस्टर इथे अडचणीत येते. मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला की सहा वर्षे पूर्ण झाली, असे धरण्याची पद्धत होती. खात्यापित्या घरातल्या मुलाचा हात लवकर पोचणार, म्हणजे कागदावर तो खऱ्या वयापेक्षा मोठा ठरणार आणि पुढे खऱ्या वयाच्या मानाने लवकर निवृत्त होणार. आता असे निवृत्त अधिक निरोगी आढळले, तर श्रेय विश्रांतीला द्यायचे की बालपणीच्या दूधभाकरीला? जन्मनोंदी चोख असलेल्या देशांत हा पेच पडत नाही, म्हणून यातले बहुतेक भरवशाचे अभ्यास तिकडचे आहेत.

त्यांचे निष्कर्ष एका सुरात नाहीत. फ्रान्समधील वीज आणि गॅस कंपनीच्या सुमारे १४,००० कर्मचाऱ्यांची निवृत्तीपूर्वीची आणि नंतरची सात-सात वर्षे तपासली, तेव्हा थकवा आणि नैराश्याची लक्षणे निवृत्तीनंतर ठळकपणे कमी झालेली दिसली. मधुमेह आणि हृदयविकार मात्र वयाबरोबर वाढायचे तसेच वाढत राहिले. ब्रिटिश सरकारी नोकरांच्या पाहणीत शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता निवृत्तीनंतर अधिक वेगाने घटली. ऑस्ट्रियात सरकारी सवलतीमुळे लवकर काम सोडलेल्या कारखान्यांतील पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका वाढला, तर स्त्रियांमध्ये तसा परिणाम आढळला नाही. म्हणजे सुटलेले काम कोणते होते आणि त्याच्या जागी काय आले, यावर बरेच अवलंबून आहे.

निवृत्तीनंतरच्या दुखण्यांचे खापर साडेसातीवर फोडणाऱ्यांनीही थोडा हिशेब करावा. साडेसाती एका वेळी बारांपैकी तीन राशींना असते, म्हणजे कोणत्याही ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा तिच्यात असणारच. उरलेल्या तीन हिश्श्यांचे गुडघे दुखत नाहीत, असे अजून कोणी दाखवलेले नाही.

मात्र सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल, ऊसतोड मजूर किंवा माणदेशात मेंढरांमागे चालणारा म्हातारा यांच्यासाठी वरील युक्ती निरुपयोगी आहे, कारण त्यांना ३१ मे नसतोच. हमालाची पाठ धरली की काम सुटते, म्हणजे त्याची निवृत्ती आणि त्याचे आजारपण ही एकच घटना असते. घरातल्या बाईला तर पाठ धरली तरी चूल सुटत नाही. अशांच्या बाबतीत विचार करता येईल असा उंबरठा एकच दिसतो, तो म्हणजे पेन्शनच्या पात्रतेचे वय. श्रावणबाळ योजनेसाठी ते ६५ आहे. ६४ आणि ६६ वर्षांच्या गरीब वृद्धांची प्रकृती फारशी वेगळी नसते, पण एकाच्या खात्यात दरमहा पैसे जमा होतात आणि दुसऱ्याच्या होत नाहीत. त्या पैशामुळे उचललेली पोती कमी होतात का आणि पाठ किती सुधारते, हे मोजता येण्यासारखे आहे. फक्त आधार कार्डावरचे वय कोणी आणि कशावरून लिहिले, हे आधी विचारावे लागेल.