पुणे जिल्ह्यात स्वतःचे घर बांधताना: परवानगी कोणाकडे मागायची आणि कोणत्या कागदांवर

घर बांधायला निघालेला माणूस बहुधा आधी नकाशा काढून घेतो, मग ठेकेदार ठरवतो आणि सर्वांत शेवटी जागेचे कागद एकत्र करू लागतो. परवानगी देणारे कार्यालय मात्र या उलट क्रमाने पाहते. तेथे पहिला प्रश्न घर कसे आहे हा नसून जमीन कोणत्या हद्दीत आहे, तिचा वापर कोणता आहे आणि अर्जदाराचा तिच्यावर हक्क कोणत्या कागदाने सिद्ध होतो, हा असतो. दिवाणखाना आणि जिना यांतील चुका नकाशा दुरुस्त करून निस्तरता येतात. जमिनीच्या कागदांतील अडचण निस्तरायला कधी कधी वर्षे जातात.

पुणे जिल्ह्यात या पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिकांच्या हद्दीत त्या त्या महापालिकेचा बांधकाम परवानगी विभाग, बारामती, दौंड, सासवड, जुन्नर, तळेगाव दाभाडे, चाकण अशा गावांत नगरपरिषद आणि देहू, वडगाव मावळ येथे नगरपंचायत अर्ज घेते. पुणे, खडकी आणि देहूरोड येथील कटक मंडळांचा (लष्करी छावण्यांच्या कॅन्टोन्मेंट बोर्डांचा) कायदा वेगळा आणि त्यांची परवानगीही वेगळी. मावळ, मुळशी व हवेली हे तालुके आणि भोर, दौंड, शिरूर, खेड, पुरंदर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांचे काही भाग २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या क्षेत्रात येतात. या क्षेत्रातील महापालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि कटक मंडळे आपापल्या हद्दीत स्वतःच परवानगी देतात. जुन्नर, आंबेगाव, बारामती, इंदापूर या तालुक्यांच्या ग्रामीण भागात गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते आणि नगररचना कार्यालयाचा तांत्रिक अभिप्राय घेतला जातो. गावठाणातील घरासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीची परवानगी लागते.

हद्दी स्थिर राहत नाहीत, ही यातील खरी मेख आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची पुढे स्वतंत्र नगरपरिषद झाली. अशा गावात जमीन घेतलेल्या माणसाकडे एखाद्या जुन्या ग्रामपंचायतीचा दाखला असतो, शेजाऱ्याकडे पीएमआरडीएचा मंजूर नकाशा असतो आणि तिसऱ्याला आज नगरपरिषदेत अर्ज करावा लागतो. शेजाऱ्याला कोणी परवानगी दिली यावरून आपले कार्यालय ठरवू नये. ज्या दिवशी अर्ज करायचा त्या दिवशी तो गट किंवा सर्व्हे क्रमांक कोणत्या नियोजन प्राधिकरणाकडे आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

गावठाण, गावठाणालगतचा पट्टा आणि त्यापलीकडची शेती

गेल्या दोन दशकांत या जिल्ह्यात नवी घरे गावठाणाच्या आत कमी आणि गावठाणाला लागून किंवा महामार्गाच्या कडेला जास्त उभी राहिलेली दिसतात. चाकण, रांजणगाव, शिक्रापूर, तळेगाव येथील कारखान्यांनी ही ओढ वाढवली. गावठाणात वाड्यांच्या वाटण्या होऊन दोन दालनांएवढ्या जागा उरल्या आणि गाडी आत जाईल एवढा रस्ता नाही, म्हणून माणसे बाहेर सरकली. परवानगीच्या दृष्टीने मात्र त्यांनी सोपी जागा सोडून अवघड जागा घेतली, असे म्हणावे लागते.

समजा, एकाच गावात तीन भूखंड आहेत. पहिला गावठाणात आहे; त्याला अकृषिक परवानगीचा, म्हणजे शेतजमीन शेतीखेरीज इतर कामासाठी वापरण्याच्या परवानगीचा, प्रश्न येत नाही. दुसरा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २०१७ च्या सुधारणेने आलेल्या कलम ४२-ड प्रमाणे अशी जमीन, रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरल्यावर, निवासी वापरासाठी अकृषिक झाली असे मानले जाऊ लागले; त्यासाठी स्वतंत्र परवानगीचा जुना लांबचा मार्ग घ्यावा लागेनासा झाला. तिसरा भूखंड त्याहून लांब, शेती विभागात आहे. तेथे प्रादेशिक किंवा विकास योजनेत जमीन कोणत्या विभागात दाखवली आहे यावर सर्व अवलंबून असते आणि निवासी विभाग नसेल, तर साधे घर बसत नाही. शेतघराची सोय आहे, पण त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर, क्षेत्र लागते. दोन गुंठ्यांत ‘फार्महाऊस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जागेला ही तरतूद लागू होत नाही, हे जाहिरातीत कोठेही लिहिलेले नसते.

अकृषिक वापराचे नियम २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सुटसुटीत होत आले आहेत. म्हणून तीन वर्षांपूर्वी एखाद्या नातेवाइकाने जी कागदपत्रे दिली, तीच आपल्यालाही लागतील असे धरून चालू नये. अर्ज करतानाची चालू पद्धत तहसील कार्यालयात विचारावी. विभाग कोणता आहे हे मात्र तोंडी उत्तरावर न सोडता झोन दाखला आणि भाग नकाशा मागून घ्यावा.

सातबारा कसा वाचावा

सातबारा उतारा हा या अर्जाचा कणा आहे, पण बहुतेक लोक त्यावरचे फक्त स्वतःचे नाव आणि क्षेत्र पाहतात. कार्यालयातील लिपिक प्रथम पाहतो तो ‘भोगवटादार वर्ग’ आणि ‘इतर हक्क’ हा रकाना. वर्ग-१ असेल तर बहुधा अडचण नसते. वर्ग-२ असेल, म्हणजे जमीन इनाम, वतन किंवा शासनाने अटींवर दिलेली असेल, तर हस्तांतरणासाठी व वापरबदलासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा (शासनाला भरायची रक्कम) यांचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पुणे जिल्ह्यात धरणे पुष्कळ असल्याने ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेराही अनेक गावांतील उताऱ्यांवर आढळतो. तो शेरा कायम असताना बांधकामाचा अर्ज पुढे सरकत नाही. शेरा कमी करण्याची प्रक्रिया वेगळी आहे आणि तिला स्वतंत्र वेळ द्यावा लागतो. बँकेचा बोजा, वारसांची नोंद झालेली नसणे, न्यायालयीन दावा यांचा उल्लेखही याच रकान्यात सापडतो.

दुसरी नेहमीची अडचण सामाईक उताऱ्याची. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे प्रमाणभूत, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान, क्षेत्राहून लहान शेतजमिनीचे स्वतंत्र खरेदीखत नोंदवता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे ठरले आहे. त्यावर शहराभोवती निघालेला तोडगा सर्वांना माहीत आहे. दहा-अकरा अनोळखी माणसे मिळून ११ गुंठे एकत्र घेतात, सातबाऱ्यावर अकरा नावे लागतात आणि जागेवर चुन्याच्या रेघा मारून प्रत्येकाला त्याचा तुकडा दाखवला जातो. त्या रेघांना नियोजन प्राधिकरणाच्या दृष्टीने काही अर्थ नाही. अर्जासोबत सर्व सहधारकांची संमती लागते आणि त्यातील एक जण परदेशात, दुसरा मयत व तिसरा रुसलेला असला की अर्ज तेथेच थांबतो. जुने तुकडे नियमित करण्याच्या सवलती शासनाने दिल्या आहेत, परंतु व्यवहार नियमित होणे आणि त्या तुकड्यावर बांधकाम मंजूर होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रस्ता नसलेला किंवा मंजूर रेखांकनात (भूखंडांच्या आखणीत) नसलेला भूखंड खरेदीखत नोंदवले गेल्यानेच बांधण्यायोग्य होत नाही.

गावठाणात सातबारा नसतो. तेथे लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतात. तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टी कोण भरतो एवढेच तो सांगतो. यावर उपाय म्हणून गावठाणांचे ड्रोनने भूमापन करून मालमत्ता पत्रके देण्याचे काम सुरू झाले आणि राज्यातील त्याचा पहिला प्रयोग याच जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या सोनोरी गावात झाला. पुढे केंद्राची स्वामित्व योजना २०२० मध्ये आली. आपल्या गावठाणाचे मालमत्ता पत्रक तयार झाले असेल, तर अर्जाला तेच जोडावे. त्यावरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष भिंती यांत फरक असल्यास आधी भूमी अभिलेख कार्यालयात तो दुरुस्त करून घ्यावा.

मोजणीचा ‘क’ प्रत नकाशा टाळण्याकडे बऱ्याच जणांचा कल असतो, कारण मोजणीची तारीख मिळायला वेळ लागतो आणि लगतधारकांना नोटिसा गेल्या की जुनी भांडणे वर येतात. तरीही ही भांडणे पाया खणण्यापूर्वी वर आलेली बरी. सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, हद्दच निश्चित नसेल तर मोजायची कोठून?

अर्ज, नकाशे आणि शुल्क

राज्यातील बहुतेक ठिकाणी ३ डिसेंबर २०२० च्या सुमारास अमलात आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा, अधिसूचित पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रे आणि आपल्या जिल्ह्यातील लोणावळा नगरपरिषद यांना ती लागू नाही. लोणावळ्यात बांधणाऱ्याने पुण्यातील वास्तुविशारदाच्या सवयीवर विसंबू नये.

अर्ज स्वतः लिहून देण्याचा काळ आता मागे पडला आहे. तो नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन दाखल होतो. सोबत मालकीचे कागद (अलीकडचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, खरेदीखत, फेरफार), मोजणी नकाशा, झोन दाखला, लागू असल्यास अकृषिक आकारणी भरल्याची पावती किंवा अकृषिक वापराची सनद, स्थळ नकाशा, मजलानिहाय आराखडे, संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि मालक स्वतः हजर नसल्यास कुलमुखत्यारपत्र लागते. नोकरीनिमित्त परदेशी असलेल्यांनी कुलमुखत्यारपत्रात बांधकाम परवानगीचा अर्ज करण्याचा आणि शुल्क भरण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा. ‘सर्व व्यवहार पाहण्याचा अधिकार’ हे मोघम वाक्य अनेकदा पुरत नाही.

लहान घरांसाठी नियमावलीने खरी सवलत ठेवली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक व्यक्तीने प्रमाणित केलेले नकाशे व शुल्काची पावती सादर केली की लांबलेली छाननी टळते आणि १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला १० दिवसांत परवानगी देणे अपेक्षित आहे. ‘आता परवानगीच लागत नाही’ असा तिचा अर्थ गावोगावी पसरला, तो चुकीचा आहे. नियम सर्व लागू राहतात. फक्त ते पाळल्याची जबाबदारी कार्यालयाऐवजी नकाशावर सही करणाऱ्यावर आणि मालकावर येते. भूखंड कायदेशीर असला पाहिजे ही अटही तशीच राहते.

विकास शुल्क जमिनीच्या वार्षिक बाजारमूल्य दरावर बेतलेले असल्याने वाघोलीचा आकडा भोरला लागू पडत नाही. याखेरीज छाननी शुल्क, सुरक्षा अनामत आणि बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर असतो. स्वतःच्या लहान घराला या उपकरातून सूट मिळते, तिची चालू मर्यादा शुल्क भरण्यापूर्वी विचारावी. पावतीशिवाय भरायला सांगितलेली कोणतीही रक्कम ही शुल्क नसते.

नदीकाठ आणि डोंगरउतार यांबाबत मात्र सवलत नाही. नदीची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत नवे घर बसत नाही. दोन रेषांमधील जागेत जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले पाणी ज्यांनी पाहिले, त्यांना ही अट कागदी वाटणार नाही. एकास पाच (पाच फुटांच्या अंतरात एक फूट चढ) पेक्षा तीव्र उतारावरही बांधकाम मंजूर होत नाही. लोहगाव विमानतळ, देहूरोड येथील दारूगोळा कोठार आणि खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी यांच्या परिसरात त्या त्या विभागाची ना हरकत लागू शकते.

निर्णय आणि त्यानंतर

नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. या तरतुदीचा आधार घेऊन काम सुरू करण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण नियमाविरुद्ध असलेल्या नकाशाला ती वाचवत नाही आणि त्रुटीचे पत्र आले असल्यास ६० दिवस उत्तर दिल्यापासून मोजले जातात. नकार आला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येते. त्रुटीच्या पत्राला फोनवर उत्तर देऊन भागत नाही. पोहोच घेऊन लेखी द्यावे.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, एक वर्षासाठी असते आणि मुदतीपूर्वी नूतनीकरण करावे लागते. जोते पूर्ण झाल्यावर ते तपासून घेण्याचा अर्ज करावा. भिंत अर्धा फूट पुढे गेली असेल, तर या वेळी ती मागे घेण्याचा खर्च काही हजारांचा असतो. स्लॅब पडल्यावर तोच प्रश्न बांधकाम पाडण्याच्या नोटिशीपर्यंत जातो. काम पूर्ण झाल्यावर वास्तुविशारदाचा पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरण्याची परवानगी, घ्यावे. हा शेवटचा टप्पा स्वतःच्या घरात राहणारे अनेक जण सोडून देतात, कारण वास्तुशांत झालेली असते, वीज आलेली असते आणि कोणी विचारत नाही. विचारतो तो दहा वर्षांनी घर तारण ठेवायला गेल्यावर बँकेचा वकील, आणि तोपर्यंत नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्याचा परवाना व पत्ता दोन्ही बदललेले असतात.