आयरिश स्थलांतरित पूर्वजाचा शोध

आयर्लंड सोडून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा भारतात गेलेल्या पूर्वजाचे मूळ ठिकाण आणि घराणे जुन्या दप्तरांतून शोधून काढणे, हे वंशशोधाचे एक स्वतंत्र क्षेत्र आहे. त्याची गरज पडली ती मुख्यतः १८४५ ते १८५२ या काळातील महादुष्काळामुळे. बटाट्याचे पीक करप्याने सडले, सुमारे दहा लाख माणसे भूक आणि तापाने दगावली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ साली सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या दहा वर्षांत ६५ लाखांवर आली. गेलेल्यांपैकी पुष्कळांना लिहितावाचता येत नव्हते. त्यामुळे पुढच्या पिढ्यांकडे उरले ते फक्त एक आडनाव आणि ‘आम्ही कॉर्ककडचे’ एवढी आठवण.

एवढ्या सामग्रीवर शोध पुढे सरकत नाही, कारण आयर्लंडमध्ये माणूस नावाने नव्हे, जागेने सापडतो. मर्फी, केली, सलिव्हन ही आडनावे हजारो घरांत आहेत आणि जॉन, मायकल, मेरी, ब्रिजेट ही नावे जवळजवळ प्रत्येक घरात. परदेशी गेल्यावर ब्रिजेटची डीलिया होते, ओसलिव्हनचा नुसता सलिव्हन होतो. जागा मात्र पक्की असते. देशाच्या ३२ काउंट्या म्हणजे जिल्हे, त्यांत धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर (पॅरिश), आणि सर्वांत खाली ‘टाउनलँड’, म्हणजे आपल्या शिवारासारखा, नाव आणि सीमा ठरलेला जमिनीचा तुकडा. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. किलमोरसारखे एकच नाव अनेक काउंट्यांत आढळते, म्हणून टाउनलँडसोबत धर्मग्राम आणि काउंटीही कळावी लागते.

केवळ नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही, हे अ‍ॅनी मूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. कॉर्क काउंटीतली ही मुलगी आपल्या दोन धाकट्या भावांसह क्वीन्सटाउन बंदरातून ‘नेवाडा’ जहाजाने निघाली आणि १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड केंद्रात पहिली स्थलांतरित म्हणून नोंदली गेली. तिचे पुतळे अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर उभे राहिले. पुढे ती टेक्ससला गेली आणि १९२३ मध्ये ट्रामखाली सापडून वारली, असे कित्येक वर्षे छापले जात होते. ती टेक्ससची बाई जन्माने इलिनॉयची, म्हणजे अमेरिकेतलीच निघाली. २००६ मध्ये वंशशोधक मेगन स्मोलेनियाक यांनी मांडलेल्या पुराव्यातून खरी अ‍ॅनी पुढे आली. ती न्यूयॉर्क सोडून गेलीच नव्हती. तिथेच तिचे लग्न झाले, पुष्कळ लेकरे झाली, त्यांतली कित्येक लहानपणीच गेली, आणि १९२४ मध्ये ती वारल्यावर तिला न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या कॅल्व्हरी दफनभूमीत दगडही नसलेल्या थडग्यात पुरले गेले. त्या थडग्यावर शिळा बसली ती २००८ मध्ये.

म्हणून शोधाची सुरुवात आयर्लंडमधून करू नये, पूर्वज जिथे वारला तिथून करावी. टाउनलँडचे नाव बहुधा परदेशातल्या कागदातच मिळते. जहाजांच्या उतारू-याद्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेत त्या १८२० पासून आहेत, पण जुन्या याद्यांत देशाच्या रकान्यात नुसते ‘आयर्लंड’ लिहिलेले असते. त्याहून थडग्यावरचा लेख, मृत्युवार्ता आणि चर्चमधली लग्नाची नोंद अधिक बोलकी ठरते. ऑस्ट्रेलियातल्या कित्येक मृत्युदाखल्यांवर आईवडिलांची नावेही असतात. न्यूयॉर्कमध्ये १८५० साली स्थापन झालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने खातेदाराची ओळख पटावी म्हणून त्याचे जन्मस्थान, आईवडील, भावंडे, जहाज असा तपशील वह्यांत उतरवून ठेवला. त्या वह्या आजही उपलब्ध आहेत. ‘बोस्टन पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ पासून सुमारे नव्वद वर्षे हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती छापल्या जात. भाऊ कोणत्या धर्मग्रामातला, कोणत्या बंदरातून निघाला, शेवटचा कुठे कामाला होता, हे बहिणीने पैसे मोजून छापवलेले असे. दुसऱ्या कोणत्याही दप्तरात त्या काळच्या माणसांची तळमळ इतकी उघड दिसत नाही.

ठिकाण कळल्यावर आयर्लंडची दप्तरे उघडायची. इथे मोठी पोकळी आहे. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतले सार्वजनिक अभिलेखागार स्फोट आणि आगीत नष्ट झाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पाने आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या तिथे जळाल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचे कागद तर सरकारनेच आधी रद्दीत काढले होते. म्हणून संपूर्ण मिळणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची, मग १९११ ची; दोन्ही आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. या दोन्हींतली वये ताडून घ्यावीत. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली, त्यामुळे दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसे १९११ च्या कागदांत भेटतात. पेन्शनसाठी वयाचा पुरावा म्हणून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनांतून नावे शोधून दिली जात. मूळ पाने जळाली, पण शोधाचे ते अर्ज शिल्लक आहेत.

दुष्काळाच्या पिढीसाठी खरा आधार म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ यांनी १८४७ ते १८६४ दरम्यान करासाठी केलेली जमीन-घरांची सरकारी आकारणी. तिच्या एका ओळीत कुळाचे नाव, शेजारच्या रकान्यात जमीनमालक, मग ‘घर, ऑफिसेस व जमीन’, एकर, आणि शेवटी पौंड-शिलिंगांत आकार असतो. ऑफिसेस म्हणजे गोठा आणि कोठार. एकाच टाउनलँडमध्ये दोन जॉन मर्फी असले तर नावापुढे कंसात बापाचे नाव किंवा ‘तांबडा’ अशी केसांवरून पडलेली ओळख लिहिलेली सापडते. पुढच्या वर्षांचे फेरबदल नंतरच्या आकारणी-वह्यांत वेगवेगळ्या रंगांच्या शाईने केलेले आहेत. एखादे नाव खोडून त्यावर दुसरे लिहिले, की ते कूळ त्या सुमारास वारले किंवा निघून गेले असे समजावे.

जन्म, मृत्यू आणि सर्व धर्मीयांच्या लग्नांची सरकारी नोंदणी १८६४ पासूनची आहे. त्याआधीसाठी कॅथलिक नोंदवह्या पाहाव्या लागतात. त्या धर्मग्रामातच राहिल्यामुळे आगीतून वाचल्या, आणि राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये त्यांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या. शाई फिकी, पाने डागाळलेली, नावे कधी लॅटिनमध्ये: जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते आणि धर्मपिता-धर्ममाता बहुधा मामा, आत्या असे जवळचेच असतात. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची रीत होती. तिच्यावरून अंदाज बांधता येतो, तो पुरावा नव्हे.

या शोधाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. मुंबई इलाख्यातील त्यांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात मिळतात. कंपनीची बॉम्बे फ्युझिलियर्स ही पलटण पुढे ब्रिटिश सैन्यात गेली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. ब्रिटिश सैन्यातून पेन्शनीवर गेलेल्या शिपायांचे कागद लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत उंची, केसांचा रंग आणि धंदा यांच्याबरोबर जन्माचा धर्मग्राम, जवळचे शहर आणि काउंटी लिहिलेली असते.