खोतीविरोधी विधेयक केवळ अस्पृश्यांसाठी नव्हते

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधिमंडळात केवळ अस्पृश्यांचेच प्रश्न मांडले, असा समज अनेक वर्षे पसरलेला आहे. तो चुकीचा आहे आणि कोकणातील कुळांवर अन्याय करणाराही आहे. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून मुंबई विधानसभेत आल्यावर त्यांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत हा सरकार आणि कुळे यांच्यातला सारावसुलीचा मध्यस्थ. पण व्यवहारात तो गावाचा धनीच झाला होता. भात झोडून होताच खंडाचा वाटा खळ्यावरूनच त्याच्या घरी जाई, आणि वरून कुळांना वेठीलाही राबावे लागे. ही कुळे बहुसंख्येने कुणबी, आगरी व महार होती, म्हणजेच विधेयकाचा लाभ एका जातीपुरता नव्हता.

खोतांच्या जमिनी फुकट हिसकावण्याचा तो डाव होता, हा आक्षेपही टिकत नाही, कारण खोतांना वाजवी भरपाई देऊन प्रत्यक्ष कसणाऱ्याला कब्जेदाराचे हक्क द्यावेत, अशीच त्यात तरतूद होती. या मागणीमागे जमिनीवरचा लढाही होता: अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून शेतकऱ्यांनी संप पुकारला होता, आणि पोटाला चिमटा काढून त्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. 10 जानेवारी 1938 रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने संपवण्यासाठी 1949 साल उजाडावे लागले.