वादळाआधी आवाज इतका लांब कसा गेला?

जानेवारी २०२५मध्ये एओविन वादळ आलं, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याने ताशी १८० किलोमीटरचा वेग ओलांडला, आणि तिथे जुनी आठवण निघाली: ६ जानेवारी १८३९ची ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’. अडीचशे-तीनशे माणसं गेली असावीत. शाकारलेली छपरं उडाली, चुलीतल्या निखाऱ्यांनी घरं पेटली. खेड्यांतली म्हातारी माणसं पुढे कितीतरी वर्षं हेच सांगत राहिली.

मला त्यातला वादळाआधीचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. आदल्या दिवशी बर्फ पडलेला. सहा तारखेला हवा एकाएकी उबदार झाली आणि इतकी निपचित, की मैलभर लांबच्या घरातलं बोलणं ऐकू येई म्हणतात. थापा? मला नाही वाटत.

हवा एक अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. एरवी उन्हाच्या दिवशी जमिनीलगतची हवा गरम, वरची गार. ध्वनिलहरीचा खालचा भाग पुढे पळतो, लहर वर वळते, आवाज डोक्यावरून निघून जातो. बर्फामुळे गारठलेली हवा खाली आणि नैऋत्येकडून आलेली उबदार हवा वर, असे थर लागले की उलटं होतं. वरचा भाग पुढे पळतो, लहर खाली वाकते, बोलणं जमिनीलगत लांबवर पोचतं. वारा नसला तर हे थर ढवळलेही जात नाहीत. अनुमान माझं, पण बर्फ, उबारा, शांतता हे तिन्ही दुवे त्या आठवणींतलेच.

वादळ पोसलं गेलं तेही गरम आणि थंड हवेतल्या फरकावरच. वरच्या जेट प्रवाहाने, म्हणजे खूप उंचावरून वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्याने, हवा उपसली की खालचा दाब कोसळतो. एरवी तो १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरल्या सम्बर्ग हेडला तो ९२३पर्यंत उतरला.

कारण सांगताना मात्र लोक घसरले. त्या रात्री पऱ्या देश सोडून गेल्या म्हणे! ‘पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं’ असे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. त्या काळच्या लोकांनी पाहिलं ते चोख होतं, कार्यकारणभाव नव्हे.

आणि पाहिलेलंही पारखून घ्यावं लागतं. १९०९मध्ये सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली. आयर्लंडमध्ये सरसकट जन्मनोंदणी १८६४पासूनची, त्यामुळे वयाचा दाखला बहुतेकांकडे नाही. मग अधिकारी विचारत, १८३९चा मोठा वारा आठवतो का? आठवड्याला पाच शिलिंग मिळणार म्हटल्यावर पुष्कळांना तो आठवला. त्या अर्जांतल्या आठवणी मी पुराव्यात धरत नाही.