टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियापद्धती

टॉन्सिल (गिलायू) म्हणजे घशाच्या दोन्ही बाजूंना, टाळूच्या कमानींमधील खोबणीत असणाऱ्या लसीकाभ, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या, ऊतींच्या गाठी. वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि वाढलेल्या गाठींमुळे झोपेत अडणारा श्वास ही त्या काढण्याची दोन प्रमुख कारणे होत. प्रत्येक गाठीला तंतुमय आवरण असते. हे आवरण आणि घशाचा स्नायू यांच्यामधील सैल थरातूनच संपूर्ण टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया पुढे सरकते. त्यामुळे गाठ कशाने सोडवायची आणि रक्त कसे थांबवायचे, यावरूनच या पद्धती मुख्यतः वेगळ्या ठरतात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने बोटाने गाठ मोकळी करण्याचे वर्णन केले आहे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक फिलिप सिंग फिझिक यांनी टॉन्सिल छाटण्याचे उपकरण घडवले आणि त्यातून सरकत्या पात्याने गाठ छाटण्याची गिलोटिन पद्धत रुळली. ती झटपट उरकत असे, पण गाठीचा काही भाग अनेकदा मागे राही.

शीत, म्हणजे उष्णता न वापरणाऱ्या, विच्छेदनात भूल देऊन, तोंड उघडे ठेवणारे उपकरण बसवून, कात्री आणि डिसेक्टर या ऊती सोडवण्याच्या हत्याराने गाठ आवरणासह सोडवतात. रक्तवाहिन्या दाबून धरतात किंवा धाग्याने बांधतात. डायथर्मीमध्ये उच्च वारंवारतेचा विद्युत्प्रवाह ऊती कापतो आणि त्याच वेळी वाहिन्याही बंद करतो. त्यामुळे शस्त्रक्रिया चालू असताना रक्त कमी जाते, परंतु शेकडो अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचणारी उष्णता शेजारच्या स्नायूलाही भाजते आणि नंतरच्या वेदना वाढू शकतात. हे टाळण्यासाठी आलेल्या कोब्लेशनमध्ये क्षारद्रावणातून रेडिओलहरींची ऊर्जा नेऊन सुमारे ४० ते ७० अंशांवर ऊती विघटित केल्या जातात. हार्मोनिक स्काल्पेलचे पाते सेकंदाला सुमारे ५५,००० वेळा कंप पावून ऊती कापते आणि वाहिन्याही बंद करते.

शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त कमी गेले म्हणून पुढचा धोका कमी झाला, असे मानणे चुकीचे आहे. जखम टाके न घालता उघडीच भरू दिली जाते आणि तिच्यावरील पांढरट थर साधारणतः पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सुटताना दुय्यम रक्तस्राव होऊ शकतो. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३–०४ दरम्यान सुमारे ३४,००० रुग्णांच्या पाहणीत, उष्णतेचा वापर करणाऱ्या पद्धतींनंतर, त्यात कोब्लेशनही आले, शीत विच्छेदनापेक्षा रक्तस्राव अधिक आढळला. म्हणूनच जुनी, काहीशी संथ पद्धत आजही कालबाह्य ठरलेली नाही. अर्थात, शल्यचिकित्सकाचा हात कोणत्या पद्धतीवर बसला आहे, याचाही निकालावर मोठा परिणाम होतो.

अलीकडे मुलांमध्ये आवरणांतर्गत, म्हणजे अंशतः, टॉन्सिल काढण्याकडे कल वाढला आहे. मायक्रोडिब्रायडर (ऊती कापून शोषून घेणारे फिरत्या पात्याचे उपकरण) किंवा कोब्लेशनने गाठीचा बहुतेक भाग काढतात, पण आवरणालगतचा पातळ थर राखतात. स्नायू उघडा पडत नसल्याने वेदना आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात व मूल लवकर खाऊ-पिऊ लागते. उरलेली ऊती थोड्या मुलांमध्ये पुन्हा वाढते आणि क्वचित दुसरी शस्त्रक्रिया लागते. झोपेत श्वास अडत असेल तर ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते. गाठीत कर्करोगाची शंका असल्यास मात्र ती संपूर्ण, आवरणासह काढून तपासणीला पाठवावी लागते.